धंद्याची ओढ लागते कशाने?

आपल्याकडे उद्योजकतेवरच्या भाषणांना तोटा नाही. ई-सेल आहे, बिझनेस प्लॅनची स्पर्धा आहे, शिवाय वर्षातून एकदा एखादे यशस्वी उद्योजक येतात आणि "नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा" असं सांगून जातात. टाळ्या पडतात, चहा-बिस्किटं होतात आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा ॲप्टिट्यूडच्या पुस्तकाला लागतात. यात मुलांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. कॅम्पसला मीही बसणार आहे. पण एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. भाषणाने ओढ लागत नसेल, तर मग ती लागते कशाने? लायब्ररीत आणि इंटरनेटवर जे वाचायला मिळालं आणि आजूबाजूला जे दिसलं, ते या लेखात मांडतो.

वर्कशॉपमधला 'जॉब'

हा प्रश्न मी मुख्यतः आय.टी.आय. आणि डिप्लोमाच्या मुलामुलींबद्दल विचारतोय. मी स्वतः डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलो, आणि माझा थोरला भाऊ आय.टी.आय. टर्नर आहे. वरवर पाहिलं तर धंदा काढायला सगळ्यात लायक हीच मंडळी. वेल्डर उद्या सकाळी गेट बनवून विकू शकतो, वायरमन घराच्या वायरिंगचं काम अंगावर घेऊ शकतो, टू-व्हीलर मेकॅनिक चार पान्यांवर रस्त्याकडेला सुरुवात करू शकतो. आपल्याला आठ सेमिस्टर झाल्यावर काय येतं? पी.पी.टी. छान करता येते! तरीही भावाच्या बॅचची बहुतेक मुलं आज कुठल्या ना कुठल्या कंपनीत आहेत, आणि त्यातली बरीचशी कॉन्ट्रॅक्टवर.

याचं एक कारण या शिक्षणाच्या घडणीतच आहे. आपल्या देशात १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिच्यातून आय.टी.आय. उभ्या राहिल्या. १९६१ साली ॲप्रेंटिस कायदा आला. नव्याने उभ्या राहणाऱ्या कारखान्यांना हाताने तयार असलेली माणसं हवी होती, ती या व्यवस्थेने दिली. काम मोठं झालं, यात शंका नाही. पण त्यामुळे सगळ्या शिकवण्याला कारखान्याचाच साचा बसला.

वर्कशॉपमध्ये आपण ज्या तुकड्यावर काम करतो त्याला 'जॉब' म्हणतो. जॉब फाइल करायचा, व्हर्नियरने मोजून दाखवायचा, जर्नलवर सही घ्यायची. तो जॉब पुढे स्क्रॅपमध्ये जातो. तो कुणाला हवा होता, त्याचे किती पैसे मिळाले असते, दोन दिवस उशीर झाला असता तर गिऱ्हाईक काय म्हणालं असतं, हे कुणी विचारत नाही. डिप्लोमाला आम्हाला 'एंत्रप्रेन्युअरशिप डेव्हलपमेंट' हा विषय होता. परीक्षेत 'यशस्वी उद्योजकाचे गुण लिहा' असा प्रश्न यायचा. आम्ही गुण पाठ केले, लिहिले आणि पास झालो.

मनातले तीन प्रश्न

माणूस एखादी गोष्ट करायचं कसं ठरवतो, यावर आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ साली एक मांडणी केली. ती मूळची धंद्याबद्दल नाही, कुठल्याही ठरवून केलेल्या कामाबद्दल आहे. पण उद्योजकतेचा अभ्यास करणाऱ्यांनी ती पुढे खूप वापरली. सोप्या मराठीत सांगायचं तर माणूस मनाशी तीन प्रश्न सोडवत असतो.

१) हे मला आवडेल का, यातून माझं बरं होईल का?
२) माझी माणसं याला काय म्हणतील?
३) हे माझ्याने होईल का?

तिन्हींची उत्तरं जुळली तर इरादा पक्का होतो. आता आपल्या भाषणांकडे बघा. ती सगळी पहिल्या प्रश्नावर असतात. स्वातंत्र्य, पैसा, मान, गाडी, बंगला! पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांचं आधीपासूनच 'हो' असतं. मेसमध्ये कुणालाही विचारा, 'साहेबाच्या हाताखाली आयुष्य काढायला आवडेल का?' म्हणून. अडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नापाशी.

दुसरा प्रश्न घरचा. त्याची ताकद आपल्याला वेगळी सांगायला नको. लग्नाच्या बाजारात पगाराच्या स्लिपला जो भाव आहे तो शटरच्या चावीला नाही. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी टोचतो. इलेक्ट्रिकलच्या एका मैत्रिणीने मोटर रिवाइंडिंगचं दुकान काढायचं घरी बोलून दाखवलं, तर उत्तर मिळालं, "ते काय ते लग्नानंतर तिकडे विचारून बघ." विषय संपला.

मात्र इथे एक बारकावा आहे. स्पेन आणि तैवानमधल्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरच्यांच्या मताचा इराद्यावर थेट परिणाम फारसा दिसला नाही. तो आडमार्गाने झाला. घरच्यांच्या बोलण्याने आधी आवड आणि आत्मविश्वास बदलला, आणि त्यातून इरादा. मला हे पटतं. 'तुला नाही जमायचं' हे वाक्य दहा वर्षं ऐकलं की पुढे ते आपलंच मत होऊन बसतं. मग घरच्यांनी अडवायचीही गरज उरत नाही.

धंदा रक्तात असतो का?

'मराठी माणसाच्या रक्तात धंदा नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते म्हणणारे बहुतेक मराठीच असतात, ही त्यातली गंमत. धंदेवाल्याचा मुलगा धंद्यात पडतो हे खरं आहे, पण ते रक्तामुळे की घरात रोज जे दिसतं त्यामुळे?

स्वीडनमध्ये याचा छडा लावायचा चांगला प्रयत्न झाला. तिथल्या नोंदींमध्ये दत्तक मुलांचे जन्मदाते आई-वडील आणि वाढवणारे आई-वडील, दोघांचीही माहिती मिळते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की आई-वडील उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. पण दत्तक मुलांच्या बाबतीत वाढवणाऱ्या आई-वडिलांचा प्रभाव जन्मदात्यांच्या प्रभावाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. म्हणजे रक्ताचा वाटा आहे, पण ताटाचा त्याहून मोठा आहे. जेवताना उधारी, माल, गिऱ्हाईक हे शब्द ज्याच्या कानावर पडतात त्याला धंदा परका वाटत नाही.

कोल्हापूरचं उद्यमनगर बघा. उसाच्या पट्ट्यात पाणी उपसायला ऑइल इंजिनं आली. ती बिघडायची. दुरुस्त करणारे कारागीर हळूहळू सुटे भाग स्वतःच बनवायला लागले. त्यातून फाउंड्री आणि मशिन शॉप वाढले. ही माणसं मराठीच होती. त्यांच्यापुढे मोडलेलं इंजिन होतं आणि पाण्यासाठी खोळंबलेला शेतकरी होता, म्हणजे काम आणि गिऱ्हाईक दोन्ही दारात!

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंही तेच. ते मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकवत होते, म्हणजे तांत्रिक शिक्षण देणाऱ्या संस्थेतलेच. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींच्या दुकानात लक्ष घातलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती संस्थानिकांनी जागा दिली म्हणून. चिकाटी तर होतीच, पण तिच्या जोडीला आधी केलेलं हातचं काम होतं आणि पाठीशी उभा राहणारा माणूस होता. हे दोन भाग आपण गोष्ट सांगताना गाळतो.

शिकवून ओढ लागते का?

आता आपल्या स्टाफच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग.

हार्वर्डचे प्राध्यापक डेव्हिड मॅक्लेलंड यांचं म्हणणं होतं की काही तरी करून दाखवण्याची प्रेरणा प्रशिक्षणाने वाढवता येते. १९६४ साली त्यांनी हा प्रयोग आपल्याच देशात, आंध्रातल्या काकिनाड्यात, हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेबरोबर केला. प्रशिक्षण घेतलेल्यांनी पुढच्या काळात इतरांपेक्षा जास्त नवे उद्योग काढले, जास्त पैसा घातला. नंतर देशभर उद्योजकता प्रशिक्षणाची जी लाट आली तिच्यामागे या प्रयोगाचा मोठा हात आहे. अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था १९८३ सालची, आपलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ सालचं.

आता दुसरा प्रयोग बघा, तो थेट व्यावसायिक शिक्षणातल्या विद्यार्थ्यांवरचा आहे. नेदरलँड्समध्ये एका व्यावसायिक उच्च शिक्षण संस्थेच्या दोन शहरांत शाखा आहेत, ब्रेडा आणि डेन बॉश. ब्रेडाच्या मुलांना वर्षभर एक उपक्रम सक्तीचा होता. गट करून खरीखुरी छोटी कंपनी काढायची, शेअर विकून भांडवल जमवायचं, माल करून विकायचा, वर्षाअखेर हिशेब करून कंपनी बंद करायची. डेन बॉशच्या मुलांना हा उपक्रम नव्हता. दोन्हीकडच्या मुलांना वर्षाच्या आधी आणि नंतर प्रश्नावल्या दिल्या. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपक्रम केलेल्या मुलांची उद्योजकीय कौशल्यं म्हणावी तशी वाढली नाहीत, आणि धंदा करायचा इरादा चक्क कमी झाला!

मग काकिनाडा खरं की ब्रेडा? माझ्या मते दोन्ही. काकिनाड्याची माणसं आधीपासून छोट्या-मोठ्या धंद्यात होती. 'माझ्याने होईल का' याचं उत्तर त्यांना रोजच्या व्यवहारातून मिळालेलं होतं, प्रशिक्षणाने त्यांच्या इच्छेला जोर दिला. ब्रेडाच्या मुलांना धंदा म्हणजे काय हे पहिल्यांदाच कळलं, आणि तो पोस्टरवर दिसतो तसा नसतो हेही कळलं. संशोधकांनीही हीच एक शक्यता मांडली आहे की मुलं वास्तवाच्या जवळ आली. जर्मनीत म्युनिकच्या विद्यापीठातही सक्तीच्या उद्योजकता कोर्सनंतर इरादा थोडा घटलेला दिसला. तिथल्या अभ्यासकांचं म्हणणं असं की कोर्समुळे मुलांना आपण या कामाचे आहोत की नाही याचा अंदाज आला.

इथेच मला या लेखातला मुख्य मुद्दा सांगायचा आहे. ओढ वाढली म्हणजे शिकवणं यशस्वी आणि कमी झाली म्हणजे फसलं, हा हिशेबच चुकीचा आहे. आपण सेमिनार संपल्यावर 'किती जणांना उद्योजक व्हायचंय?' म्हणून हात वर करायला लावतो आणि हात मोजून अहवाल लिहितो. त्या हातांपैकी किती हातांनी आजवर एका गिऱ्हाइकाकडून एक रुपया घेतलाय? ज्याने घेतलाय आणि तरीही हात वर केलाय, त्याची ओढ खरी. आणि ज्याने घेऊन बघितला आणि विचार करून हात खाली घेतला, तोही शहाणाच. एका घराचं कर्ज वाचलं, मित्रांनो!

शेजारच्या खोलीतला अनुभवी

होस्टेलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. हार्वर्डच्या एम.बी.ए.मध्ये विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या तुकड्यांत वाटून देतात, कुणी आपल्या मर्जीने तुकडी निवडत नाही. काही तुकड्यांत पूर्वी स्वतःचा धंदा केलेले विद्यार्थी जास्त पडतात, काहींत कमी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अनुभवी सहाध्यायी जास्त असलेल्या तुकड्यांतून पुढे धंदा काढणारे कमी निघाले. कुणालाही वाटेल उलट व्हायला हवं! पण घट झाली ती न चाललेल्या धंद्यांत. चाललेल्या धंद्यांत तशी घट दिसली नाही. म्हणजे रात्री गप्पा मारताना अनुभवी मित्राने "अरे, हे चालणार नाही, कारण..." असं सांगितलं आणि कच्च्या कल्पना तिथेच गळाल्या.

आपल्या होस्टेलमध्ये अशी माणसं आहेत, फक्त आपण त्यांना उद्योजक म्हणत नाही. कुणाच्या वडिलांचं गॅरेज आहे, कुणी सुट्टीत काकांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करतो, कुणाच्या घरचा पोल्ट्रीचा धंदा बसलाय. या मुलांना स्टेजवर कधी बोलावलं जात नाही. माझ्या मते एका बुडलेल्या पोल्ट्रीची गोष्ट तीन यशोगाथांच्या बरोबरीची आहे.

पाठीशी काय आहे?

आता भावाबद्दल थोडं सांगतो. त्याला तिन्ही प्रश्नांपैकी एकही अडवत नाही. त्याला धंदा हवा आहे, घरच्यांचा विरोध नाही, आणि शिफ्ट सुटल्यावर तो एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बुश आणि पिना टर्न करून देतो, त्यामुळे आपल्याला जमतं हेही त्याला ठाऊक आहे. त्याने जुना लेथ बघून ठेवलाय. पण घराचे हप्ते त्याच्या पगारातून जातात, आणि त्या हप्त्यांत एक माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा आहे. माझी नोकरी लागेपर्यंत त्याचा लेथ लांबणीवर! 'मुलांमध्ये रिस्क घ्यायची वृत्ती नाही' असं कुणी म्हटलं की मला त्याची आठवण होते. वृत्ती आहे, पाठीशी काही नाही.

उत्तर युगांडातला अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. तिथल्या सरकारने तरुणांच्या गटांना शिवणकाम, सुतारकाम, धातुकाम असे व्यवसाय शिकायला आणि हत्यारं घ्यायला रोख अनुदान दिलं. माणशी सरासरी ३८२ डॉलर, म्हणजे त्यांच्या साधारण वर्षभराच्या कमाईइतकी रक्कम. अर्ज जास्त आले म्हणून चिठ्ठ्या टाकून गट निवडले, त्यामुळे ज्यांना पैसे मिळाले आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांची तुलना करता आली. चार वर्षांनी अनुदान मिळालेल्यांची धंद्यातली मालमत्ता इतरांपेक्षा ५७ टक्के आणि कमाई ३८ टक्के जास्त होती. यांना कुणी प्रेरणेची भाषणं दिली नव्हती, हत्यारं आणि हुन्नर मिळालं होतं. अर्थात पैसा म्हणजे जादू नाही. नऊ वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा कमाईतला फरक बराचसा मिटला होता, कारण मागे राहिलेलेही तोवर आपापल्या मार्गाने पुढे आले होते. अनुदानाने त्यांचा सुरुवातीचा काळ लवकर पार पडला, एवढं मात्र नक्की.

आपल्याकडेही योजना झाल्या. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ साली आला, त्यात अर्जदाराने स्वतः घालायचा वाटा ५ ते १० टक्के ठेवला होता. २०१५ साली मुद्रा योजना आली, तिचा पहिला गट ५० हजारांपर्यंतच्या कर्जाचा. पण बँकेत गेल्यावर मशिनरीचं कोटेशन, प्रोजेक्ट रिपोर्ट, जागेचे कागद लागतात. ज्याने बेंच व्हाइसचंही कोटेशन कधी मागवलेलं नाही तो तिथूनच परत फिरतो. त्याची ओढ काउंटरवर संपते आणि आपण म्हणतो, मुलांना इंटरेस्ट नाही!

मग काय करता येईल?

मोठ्या गोष्टी सांगत नाही. आपल्या आवारात होण्यासारख्या चार गोष्टी सुचवतो.

पहिली, वर्कशॉपमधल्या प्रत्येक बॅचने टर्ममध्ये निदान एक जॉब बाहेरच्या गिऱ्हाइकाचा करावा. मेसचं मोडलेलं टेबल असो, गावातल्या कुणाच्या ट्रॉलीची पिन असो, माप घेणं, भाव सांगणं, चलन करणं आणि पैसे वसूल करणं हे सगळं मुलांनीच करावं. उधारी वसूल करणं कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही, पण त्याच्याइतकं धंद्याचं शिक्षण दुसरं नाही.

दुसरी, सुरुवात बेताची असावी. मॅक्लेलंड रिंग फेकायचा एक खेळ वापरत. खुंटीपासून किती अंतरावर उभं राहायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. करून दाखवायची जिद्द ज्यांच्यात जास्त, ते अगदी जवळ उभे राहत नसत आणि फार लांबही नाही. मेहनत केली तर जमेल अशा मधल्या अंतरावर राहत. पहिल्याच वर्षी कोट्यवधींचा प्लॅन लिहिणं म्हणजे मैदानाच्या पलीकडून रिंग फेकणं.

तिसरी, पाहुण्यांमध्ये दरवर्षी एक बंद पडलेल्या धंद्याचा मालक असावा, आणि एक आय.टी.आय. झालेला छोटा वर्कशॉपवाला. त्यांना फेटा बांधून मोकळं करू नका, दोन तास प्रश्न विचारू द्या.

चौथी गोष्ट आपली, होस्टेलवाल्यांची. शेजारच्या खोलीतल्या डिप्लोमावाल्याला 'अजून मॅथ्स थ्री राहिलंय ना तुझं?' असं चिडवण्यापेक्षा त्याला विचारा की तुझ्या गावात वेल्डिंगचा रेट काय चाललाय, दिवसाला किती रॉड लागतात, पैसे कधी मिळतात. त्याला उत्तरं येतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांना येत नाहीत. आणि आपल्याला विचारण्यासारखं काही येतं हे कळणं, हेच त्याच्यासाठी तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात असू शकते.

स्टाफला एकच विनंती. पुढच्या वेळी फॉर्म भरून घ्याल तेव्हा 'तुम्हाला उद्योजक व्हायचे आहे का?' या एका प्रश्नाऐवजी तीन विचारा. घरी बोललास का? आजवर स्वतःच्या हाताने काय विकलंस? आणि सहा महिने कमाई झाली नाही तर घर कशावर चालेल? उत्तरं कमी येतील, पण खरी येतील. त्या थोड्या मुलांना मग भाषण नको. त्यांना वर्कशॉपची किल्ली, एक गिऱ्हाईक आणि बँकेपर्यंत सोबत येणारे एक सर लागतील.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)